एल्माने विणलेली पावलं

टेसचा फोन आला तेव्हा मी गणपतीच्या मखराचे पुठ्ठे सोडवून खोक्यात भरत होते. टेस ही एल्माची मुलगी. "आंटी, मम गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. एल्माला सकाळी किचनमध्ये स्ट्रोक आला होता. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर पोचली, हॉस्पिटलात करायचं ते सगळं करून झालं, पण दुपारपर्यंत सगळं आटोपलं. वय त्रेसष्ट. आयुष्यभर नर्सिंग करून अशा बातम्या मी स्वतः कितीजणांना दिल्या आहेत, तरी त्या दिवशी हातातला पुठ्ठा खाली ठेवायचंसुद्धा मला कितीतरी वेळ सुचलं नाही. माझी आई गेली तेव्हा रडले नव्हते एवढी मी एल्मासाठी रडले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की हिचा तिच्यावर जीव नव्हता. होता. म्हणून तर एवढं लागलं.

आमची ओळख ब्रिस्टलच्या हॉस्पिटलातली. मी ऑपरेशन थिएटरमध्ये, ती नवजात बाळांच्या युनिटमध्ये. एका दुपारी स्टाफरूममध्ये तिने भात आणि सुक्या मासळीचा डबा उघडला आणि शेजारच्या बाईने काही न बोलता उठून खिडकी उघडली. जानेवारी महिना होता. मी माझ्या डब्यातली लसणाची चटणी एल्मापुढे सरकवली आणि म्हटलं, "घे, आता दोघींचाही वास येऊ दे." ती अशी हसली की तिच्या तोंडातला भात टेबलावर उडाला. त्या दिवसापासून बावीस वर्षं आम्ही एकमेकींना धरून राहिलो. माझं नाव मंदा, पण मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून ती मला 'आते' म्हणायची. तिकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. वॉर्डात सगळे तिला फिलिपिनो म्हणायचे. ती मान हलवायची, पण मला एकटीला गाठून सांगायची, "फिलिपिनो आहेच गं, पण त्याआधी मी टिबोली." टिबोली ही तिकडची डोंगरातली एक जमात; मिंडानाओ बेटावर, एका तळ्याकाठी तिचं गाव. आम्हा मिरजेच्या माणसांना सगळं जग कृष्णेच्या मापाने मोजायची सवय, त्यामुळे ते तळं केवढं असेल हे मी तिला दहा वेळा तरी विचारलं असेल.

तिचं विणणं मला कळायला मात्र दोन-तीन वर्षं गेली. त्यांच्या कापडाला टिनालक म्हणतात. अबाका नावाचं केळीसारखं झाड असतं, त्याच्या सोपटातून धागा काढायचा, एकाला एक गाठ मारत लांबवायचा, नमुन्याप्रमाणे जागोजागी बांधायचा आणि मग रंगवायचा. बांधलेल्या जागी रंग चढत नाही. आपल्याकडे पोचमपल्लीला करतात त्याच जातीचं काम, पण इथे कागदावर काही काढायचं नाही, सगळा नमुना डोक्यात. रंग तीनच: काळा, तांबडा आणि धाग्याचा स्वतःचा. एल्मा धागा ब्रिस्टलमध्ये बांधायची, आणि ते बोचकं गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी आईकडे पाठवायची. आई पानं उकळून काळा रंग चढवायची, बोचकं परत यायचं, एल्मा पुन्हा बांधायची, ते पुन्हा तांबड्यासाठी जायचं. एक कापड हातात यायला दोन वर्षं. मी म्हटलं, "बाई गं, एवढ्या वेळात आमच्याकडे पैठणी होऊन तिच्या मालकिणीचं लग्नही जुनं होतं."

तिच्या घरातली सामानाची छोटी खोली, बॉक्सरूम, म्हणजे तिचा कारखाना. मागाचं एक टोक भिंतीतल्या हुकाला, दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला, आणि मध्ये ती पाय पसरून जमिनीवर. हा धागा कोरड्या हवेत तटकन तुटतो, म्हणून त्या खोलीतला रेडिएटर तिने कधीच लावला नाही. डिसेंबरात कोट, मफलर आणि दोन-दोन मोजे घालून ती विणायला बसायची, आणि मी दारात हॉट वॉटर बॅग पोटाशी धरून तिच्याशी गप्पा मारायचे. एकदा चहा द्यायला म्हणून मी ताणलेल्या धाग्यांवरून पाय टाकून पलीकडे गेले, तर ती एवढी ओरडली की कप माझ्या हातून सुटता सुटता राहिला. टिनालकवरून ओलांडून जायचं नाही. ते कापायचंही नाही, कापलं की घरात आजारपण येतं. मी त्यानंतर त्या खोलीत भिंतीला घासून चालायला लागले. तिच्या रीतीभातींना मी कधी हसले नाही. माझ्या सोवळ्यातल्या आजीच्या हाताखाली वाढलेली मी, मला नियमांचं काय कौतुक!

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नमुना. तो मनाने रचायचा नाही, तो स्वप्नात यावा लागतो. अबाकाच्या झाडाची एक देवता आहे, ती विणणारीच्या स्वप्नात येते आणि नमुना देऊन जाते. विणतात पुष्कळजणी, स्वप्न थोड्यांनाच पडतं. बाकीच्या दुसऱ्यांनी पाहिलेले नमुने विणतात, आणि त्यात काही कमीपणा नाही, पण कुणाचं स्वप्न ते उघड सांगायचं. एल्माच्या आईला स्वप्नं पडायची. गावात तिला त्यासाठी मान होता. एल्माला एकही पडलं नव्हतं. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "काही दिसलं का?" एल्मा मला सांगताना हसायची, "आते, मला स्वप्नात फक्त मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो." हसायची खरी... पण रविवारी संध्याकाळी तिला भेटलं की ती जरा उतरलेली असायची.

आता माझं स्वप्न. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, बोललेही एकाच माणसाशी. आम्ही आधी लंडनजवळच्या रीडिंग गावात होतो. तिथे सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली. मला फार रक्तस्राव झाला, दोन दिवस मी शुद्धीत नव्हते, आणि शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी तिला पाहिलं नाही. श्रीकांतने, माझ्या नवऱ्याने सांगितलं, "मीही नाही पाहिलं. ते लोकच सगळं करतात." त्यानंतर आमच्या घरात तो विषय कधीच निघाला नाही. पुढे मुलगा झाला, त्यालाही याची कल्पना नाही. पण दर एक-दोन वर्षांनी मला एक स्वप्न पडतं. आपण गौरी आणताना दारापासून आतपर्यंत पावलं काढतो ना, ओल्या पिठात मूठ बुडवून ती टेकवायची आणि वर बोटांनी पाच ठिपके, तशी पावलं माझ्या हॉलमध्ये उमटलेली असतात. पण फार लहान. जोडीजोडीने ती आत येतात, जिन्यापाशी पोचतात, आणि शेवटच्या जोडीची बोटं दाराकडे वळलेली असतात. बस, एवढंच. माणूस कुणी दिसत नाही.

एका वर्षी गौरींच्या दिवशी एल्मा ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आली. मी हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून पावलं काढत होते. ती जिन्यावर बसून सगळं बघत राहिली. श्रीकांत फुलं आणायला गेला होता. का कोण जाणे, हातातलं पीठ वाळेपर्यंत मी तिला सगळं सांगितलं, रीडिंग, मुलगी, स्वप्न, शेवटची जोडी. तिने मला मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आते, हे दिलेलं स्वप्न आहे. यासाठी माझ्याकडच्या बायका जन्मभर वाट बघतात. मी विणू?"

"नाही," मी म्हटलं.

"तुझं नाव सांगून..."

"एल्मा, नाही म्हणजे नाही. ते कुणाला दाखवायचं नाहीये मला."

तिने माझा पिठाचा हात हातात घेतला. "ओके, आते. प्रॉमिस." आणि ती उठून चहा टाकायला गेली.

त्यानंतर वर्षाभराने तिने नवीन कापड सुरू केलं. मला म्हणाली, हे आईच्या स्वप्नातलं आहे, आणि या जातीचा नमुना बांधताना-विणताना बाहेरच्या माणसाने बघायचं नसतं, पूर्ण होईपर्यंत तू खोलीत येऊ नकोस. मी गेले नाही. दोन वर्षं मी त्या बंद दाराबाहेर उभी राहून तिला चहा विचारला. तिचा पाहुणा आला आणि त्या दाराला हात लावायला लागला, तर मीच त्याला दटावलं, "अहं, चालत नाही त्यांच्यात!" कापड झाल्यावर ती म्हणाली, आईकडे पाठवलं. मी पुन्हा विचारलंही नाही. इतका विश्वास माणसाने माणसावर टाकू नये खरं तर, पण टाकला होता, आणि मला त्याची सवय झाली होती.

अंत्यविधीला मी एकटीच गेले. श्रीकांतचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. हॉल भरलेला, निम्मं नवजात युनिट आलेलं, आणि एल्मामुळे जगलेली दोन मोठी झालेली माणसं त्यांच्या आयांबरोबर आलेली. मी तिसऱ्या रांगेत बसले. समोर पेटी, पेटीवर टिनालक अंथरलेलं. आधी मला नुसता काळा-तांबडा रंग दिसला. मग नजर स्थिरावली... काळ्यावर फिकट मुठी, प्रत्येक मुठीवर पाच ठिपके. जोडीजोडीने, कापडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मी मान पुढे काढून शेवटची ओळ शोधली. ती पेटीच्या पायथ्याकडून खाली लोंबत होती, आणि तिथली बोटं उलट्या दिशेला होती. टेस माईकपाशी उभी राहून सांगत होती, "मम आयुष्यभर एका स्वप्नाची वाट बघत होती आणि शेवटी तिला हे पडलं. घर सोडून गेलेल्या मुलींची ही पावलं आहेत. त्या येतात आणि पुन्हा निघतात." लोक रडत होते. माझ्या शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, तिला वाटलं मैत्रिणीच्या दुःखाने मी थरथरते आहे. मला एकच दिसत होतं. माझी मुलगी, जिला मी स्वतः पाहिलं नाही, ती तिथे सगळ्यांसमोर अंथरलेली होती आणि तिच्यावर नाव दुसऱ्या बाईचं होतं.

दहनाला न्यायच्या पेटीपुढे ओढतात तो पडदा बंद व्हायच्या आधी टेसने कापड उचलून घडी करून घेतलं. मी चहाला थांबले नाही.

पुढचे चार आठवडे मी टेसचे फोन उचलले नाहीत. आणि मेलेल्या माणसाशी भांडलेही. भांडी घासताना, बसमध्ये, अंघोळीला गेल्यावर. मी तिला विचारत होते, चोरायचंच होतं तर माझा सोन्याचा तोडा चोरायचास, मागितला असतास तर काढून दिला असता. मला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला सांगू? त्या बंद दाराचा. माझ्याच अदबीचा उपयोग करून तिने मला बाहेर ठेवलं होतं.

मग एका रविवारी टेसच घरी आली, माझे चार डबे पिशवीत घेऊन. श्रीकांत फिजिओकडे गेला होता. ती म्हणाली, शहरातल्या एका म्युझियमला ते कापड हवंय. शेजारी लावायच्या पाटीसाठी ममच्या जवळच्या मैत्रिणीने चार ओळी लिहून द्याव्यात, तिच्या त्या स्वप्नाबद्दल. "आणि आंटी, म्युझियमच्या बाई म्हणतात शेवटची ओळ चुकली आहे. विणणारी शेवटी थकली असेल. पण ती चूकच फार लोभस आहे म्हणे."

"ती चूक नाहीये," मी एवढ्या जोरात बोलले की टेस दचकली. मग मी तिला सांगितलं. सगळं. मला वाटलं होतं, सांगताना मी ओरडेन, पण आवाज अगदी साधा निघाला, पेशंटची हिस्टरी सांगावी तसा.

"ममने असं केलं नसतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला आत यायला बंदी केली होती? पण असा काही नियमच नाही, आंटी. लोला तर अख्ख्या गावासमोर बसून बांधायची." लोला म्हणजे तिची आजी. आणि मग टेसला हळूहळू आठवायला लागलं. तो रविवार. मम फोनवर एकदम त्यांच्या भाषेत भरभर बोलायला लागली, पलीकडे लोला रडायला लागली, शेजारणींना हाका मारायला लागली. लोलाने गावजेवण घातलं, डुक्कर कापलं. पोरीला स्वप्न पडलं, आता मी सुखाने मरते असं म्हणाली, आणि कापड पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी खरंच गेली. "त्यानंतर ममला ते परत घेता आलं नसेल..." टेस म्हणाली.

मला हे समजतं. म्हाताऱ्या आईला एकदा 'हो, दिसलं' म्हणायचा मोह मलाही आवरला नसता. आईला फोनवर खोटं सांगितलंस, ठीक आहे गं. पण नंतर दोन वर्षं एकेक गाठ बांधलीस, त्यातली एकही गाठ मारताना तुझा हात अडला नाही? आई गेल्यावर बारा वर्षं माझ्या घरी येऊन गौरीचं जेवलीस, त्यातल्या एकाही वर्षी सांगावंसं वाटलं नाही? समजतं मला, पण राग जात नाही. जाईल असं वाटतही नाही.

टेस गुणाची पोर आहे. ती म्हणाली, "मी पाटीवर तुझं नाव घालायला सांगते. पण ते विचारतील, पावलं कुणाची. तुला चालेल?" पाटीचा मजकूर आठवड्याभरात द्यायचा होता. गप्प बसले असते तर मुलगी कायमची एल्माच्या नावावर गेली असती. बोलायचं तर आधी श्रीकांतशी बोलायला हवं होतं, आणि आमच्या घरात ते दार पस्तीस वर्षं बंद होतं. तीन दिवस मी नुसती त्याच्या मागे-पुढे फिरले. चौथ्या दिवशी म्हटलं, "अहो, एल्माने एक कापड विणलंय, गौरीच्या पावलांचं. बघायला चला."

काठी टेकत, एकेक पायरी थांबत तो एल्माच्या घरचा जिना चढला. टेसने कापड बॉक्सरूमच्या भिंतीवर लांबवर टांगून ठेवलं होतं. खोली नेहमीसारखीच गार. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, कुठून सुरुवात करू, मुलीपासून की स्वप्नापासून. श्रीकांत जुना विमानाच्या कारखान्यातला माणूस, तो कुठलीही गोष्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत तपासतो. तो भिंतीच्या कडेने जोड्या बघत बघत शेवटपर्यंत गेला. तिथे त्याने चष्मा काढला. वाकला, आणि शेवटच्या पावलाला आपला अंगठा लावून बघितला.

"एवढीच होती," तो म्हणाला.

"काय?"

"पावलं. तिची." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुझ्या या मैत्रिणीला रोज तसली बाळं हाताळायची सवय, म्हणून बरोब्बर माप आलंय. एवढीच होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही पाहिलं होतंत तिला?"

"हातात दिली होती त्यांनी माझ्या. शालीत गुंडाळून. तासभर तरी... तुला शुद्ध येईपर्यंत ठेवू का, असं विचारलं त्यांनी. मी नको म्हटलं. तुला सोसणार नाही असं वाटलं मला." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नंतर सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं! पस्तीस वर्षं. मी भिंतीला टेकले. या माणसाने माझी मुलगी तासभर मांडीवर घेतली होती, आणि त्या बाईने तिची पावलं दोन वर्षं बोटांतून काढली होती. मला दोघांनीही बाहेर ठेवलं होतं. आणि अशा वेळी, असलं काही ऐकल्यावर, जिच्याकडे मी धावत गेले असते तीच नव्हती. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "एल्मा, ऐकलंस?" रागानेच निघालं, पण निघालं तिच्यासाठीच.

जिन्यावर टेसची पावलं वाजली. ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून तिथेच थांबली, आणि ट्रे खाली ठेवून हळूच म्हणाली, "पाटीचं नंतर बोलू या का?"

"नाही, आत्ताच लिही," मी म्हटलं. "पावलं मंदा आणि श्रीकांत यांच्या मुलीची. स्वप्न मंदाचं. शेवटची जोडी चुकलेली नाही. विणलं एल्माने."

टेसने फोनवर टाइप केलं आणि वर बघितलं. "एवढंच?"

"मंदा नको म्हणाली असताना."

"आंटी... हेही?"

श्रीकांतने मान वर केली. मी त्याच्याकडे बघत टेसला म्हटलं, "हेही."